सरासरीत हरवलेला जिल्हा

1905 साली इंग्रज सरकारने बासीम जिल्हा मोडला. त्यामागे बंड नव्हते, सरहद्दीचा तंटाही नव्हता. होती ती निव्वळ काटकसर. दोन वर्षांपूर्वी वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला होता, आणि सहा लहान जिल्हे पोसण्यापेक्षा चार मोठे परवडतील असा हिशेब कागदावर सुटसुटीत दिसत होता. एलिचपूर अमरावतीत विरले, वणीच्या जिल्ह्याचे यवतमाळ झाले. बासीमचे तीन तालुके वाटले गेले : बासीम आणि मंगरूळ अकोल्याला, पुसद यवतमाळला. डेप्युटी कमिशनरची कचेरी उठली आणि जिल्ह्याच्या दर्जाबरोबर येणारी सिव्हिल सर्जनची व्यवस्थाही अकोल्याकडे गेली. तिथून अकोला 52 मैल.

आज ज्याला आपण वाशीम जिल्हा म्हणतो, तो पुन्हा उभा राहायला 1998 चा जुलै उजाडावा लागला. मधली 93 वर्षे हा मुलूख दुसऱ्याच्या वहीत जमा होता. सार्वजनिक आरोग्याचा पैसा जिथे आजार जास्त तिथे जातो, असे आपण गृहीत धरतो. वाशीमचा इतिहास वेगळे सांगतो. पैसा आधी तिथे जातो, जिथले स्वतंत्र खाते उघडलेले असते. आजार मोजण्याची पाळी त्यानंतर येते.

फौजेचा पगार आणि कोतवाल बुक

वऱ्हाडच्या सरकारी तिजोरीचा जन्मच मुळी दुसऱ्याच्या देण्यातून झाला. हैदराबाद कंटिंजंट ही फौज निजामाच्या नावाची, पण अंमल इंग्रजांचा. तिचा पगार थकला तेव्हा 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे लावून देण्यात आले. मुलुखाचा वसूल आधी फौजेला, मग कारभाराला. आणि 1860 च्या फेरतहानंतर जी शिल्लक उरेल ती निजामाला. कारभारावर खर्च किती करायचा हे मात्र इंग्रजांनीच ठरवायचे. शिल्लक पुरेशी का उरत नाही, अशी तक्रार हैदराबादचे दिवाण सालारजंग वर्षानुवर्षे करत राहिले. 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने हा घोळ कायमचा निकालात काढला : वर्षाला 25 लाख रुपये निजामाला, आणि वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे. कलकत्ता आणि हैदराबाद यांच्यात चाललेल्या या पन्नास वर्षांच्या हिशेबात वाशीमच्या कुणब्याच्या तापाला रकाना नव्हता.

तो रकाना गावात होता. वऱ्हाडातल्या खेडोपाडी जन्म-मृत्यूची नोंद ठेवण्याची पद्धत या काळात बसली. ते रजिस्टर म्हणजे कोतवाल बुक. कोण जन्मले, कोण मेले, बापाचे नाव, जात, मरणाचे कारण. कारणांचे साचे वरून ठरलेले : पटकी, देवी, हगवण, ताप, अपघात. ज्याला नाव देता येत नव्हते असे बहुतेक मरण तापाच्या रकान्यात जाई. हिवताप, विषमज्वर, बाळंतरोग यांचे निदान करायला गावात होते कोण? तरीही या नोंदींची गावावरून तालुक्याला, तालुक्यावरून जिल्ह्याला बेरीज होत असे आणि सॅनिटरी कमिशनरचा वार्षिक अहवाल तिच्यावरच उभा राहत असे. आरोग्यावरची सरकारी देखरेख ती हीच. आधी मोजणी, मग फारसे काही नाही.

आज वाशीम, अकोला, बुलढाणा या भागांत तहसिलीत कोतवाल बुकाची नक्कल मिळवायला माणसे जातात ती जातपडताळणीसाठी. पणजोबाच्या जन्माची ओळ सापडली की पणतूचा प्रवेश पक्का. रोगराई मोजायला ठेवलेले दप्तर शंभर वर्षांनी वेगळ्याच कामाला आले.

ही मोजणी किती गंभीर होती ते 1899-1900 च्या दुष्काळाने दाखवले. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर देशभर फॅमिन कोड तयार झाले होते. कोणत्या टप्प्यावर खडी फोडण्याची कामे काढायची, मजुरी धान्याच्या भावाशी कशी बांधायची, कामाला न झेपणाऱ्यांना गरीबखान्यात कसे घ्यायचे, सगळे लिहून ठेवलेले. कोड कागदावर चोख होता. पण एका जागी हजारो भुकेली माणसे आणि पाण्याची एकच विहीर, असे झाले की पटकीला आमंत्रण लागत नाही. 1901 च्या शिरगणतीत बासीम जिल्ह्याची लोकसंख्या 3,53,410 भरली. दहा वर्षांत ती वाढण्याऐवजी सुमारे 11 टक्क्यांनी घटली होती. दर नऊ माणसांमागे एक कमी. मेले किती आणि पोटासाठी परागंदा झाले किती, हे त्या एका आकड्यातून सुटे करता येत नाही. आणि या जिल्ह्याला चार वर्षांनी सांगण्यात आले की तुम्हांला स्वतंत्र ठेवणे परवडत नाही.

अकोल्याच्या छायेत

सिव्हिल सर्जन हे त्या काळी भलतेच अष्टपैलू पद होते. जिल्ह्याचे रुग्णालय त्यांचे, पोस्टमॉर्टेम त्यांचे, दवाखान्यांची तपासणी त्यांची, आणि बहुतेक ठिकाणी तुरुंगाचे सुपरिंटेंडेंटही तेच. असा अधिकारी जिथे राहतो, तिथे ऑपरेशनचे टेबल येते, औषधांचा साठा येतो, हाताखालची माणसे येतात. वाशीमला उरला तो तालुक्याचा दर्जा. लोकांच्या तोंडी अकोल्याचे नाव मोठ्या इलाजाशी जोडले गेले. बाळंतपण अडले की ‘लेडी हार्डिंग’, हाड मोडले की ‘मेन हॉस्पिटल’. पुढे, स्वातंत्र्यानंतर, अकोल्याहून हिंगोलीकडे जाणारी मीटरगेज गाडी वाशीमवरून धावू लागली, आणि बैलगाडीपेक्षा ती बरी होती एवढाच काय तो दिलासा.

1918 च्या इन्फ्लुएन्झात मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशातल्या सर्वांत होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता. कापसाचा हंगाम तोंडावर आणि घरोघर माणसे अंथरुणाला खिळलेली. लगेच पुढच्या वर्षी राजकीय सुधारणांचा कायदा आला. वैद्यकीय सेवा आणि सार्वजनिक आरोग्य ही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे ‘सोपीव’ म्हणून आली; तिजोरीच्या किल्ल्या राखीव, म्हणजे गव्हर्नरच्या, बाजूलाच राहिल्या. मंत्र्याने दवाखाना मंजूर करावा आणि पैशासाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे, अशी ती गंमत. गमतीचा दुसरा भाग असा की दारूवरचे उत्पन्न देणारे अबकारी खातेही त्याच सोपीव गटात होते. दारूबंदी मागणाऱ्या मंत्र्याला दवाखान्याचा खर्च दारूच्याच उत्पन्नातून काढायचा होता.

वऱ्हाडचा कापूस प्रांताची तिजोरी भरतो आणि खर्च मात्र हिंदी भागात होतो, ही कुरकूर याच काळात सभागृहात पोहोचली. तिच्यातून ‘सिम फॉर्म्युला’ आला : विभागून देता येण्याजोग्या खर्चात वऱ्हाडला दोन भाग, मध्य प्रांताला तीन. प्रादेशिक न्यायाचे गणित आकड्यांत मांडण्याचा आपल्याकडचा हा एक फार जुना प्रयत्न. पण हे दोन भाग अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ यांत कसे फिरले, आणि अकोल्याच्या वाट्यातून मंगरूळपर्यंत काय झिरपले, याचे उत्तर त्या सूत्रात नव्हते. न्याय प्रांताच्या दारापर्यंत आला आणि तालुक्याबाहेर थांबला. ही खोड पुढे वारंवार भेटते.

दोन धनी

स्वातंत्र्यानंतर पहिला धाडसी प्रयोग झाला तो मध्य प्रांत-वऱ्हाडातच. द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने 1948 मध्ये जनपद सभा आल्या. तहसील हेच स्थानिक कारभाराचे एकक. शाळा, रस्ते, दवाखाने तालुक्याच्या हाती. वाशीमसारख्या मुलुखाला कल्पना सोयीची होती, कारण तिने जिल्ह्याला वळसा घातला होता. अडचण पैशाची. जनपदांना जबाबदाऱ्या भरपूर आणि उत्पन्न तुटपुंजे. 1956 मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात, आणि जनपदांचे दिवस भरले.

त्यांच्या जागी काय यावे हे ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते वसंतराव नाईक. त्यांचे गाव गहुली, तालुका पुसद. म्हणजे 1905 पूर्वीच्या बासीम जिल्ह्यातलाच मुलूख. देशासाठी पंचायत राज सुचवणाऱ्या बलवंतराय मेहता समितीचा भर गटावर, म्हणजे तालुक्यावर होता. नाईक समितीने मात्र ताकद जिल्ह्याच्या हाती दिली. तिच्या शिफारशींतून 1961 चा कायदा आला आणि 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. भक्कम जिल्हा परिषदेने महाराष्ट्राला दोन-तीन पिढ्यांचे नेतृत्व दिले, शाळा आणि आरोग्य केंद्रे दिली, हे खरेच. पण ज्या मुलखाला स्वतःचा जिल्हाच नव्हता, त्याच्यासाठी ‘जिल्हा’ या एककाचे वजन वाढणे म्हणजे अकोल्याचे वजन वाढणे होते.

याच वेळी आरोग्याची जी वाटणी झाली, ती आजही कायम आहे. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, त्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि ‘सिव्हिल’ राज्य सरकारकडे, त्यावर जिल्हा शल्यचिकित्सक. एका जिल्ह्यात आरोग्याचे दोन धनी. गरोदर बाई उपकेंद्रातल्या सिस्टरकडे नाव नोंदवते तेव्हा ती एका खात्याची. तिचे रक्त कमी निघाले आणि तिला ग्रामीण रुग्णालयात पाठवले की दुसऱ्या खात्याची. मधल्या रस्त्यावर काही बिनसले तर चौकशी कोणी करायची? जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीत सदस्य तावातावाने प्रश्न विचारतो आणि उत्तर मिळते, ‘ते आमच्याकडे येत नाही, साहेब, ते सिव्हिलकडे.’

वरच्या देखरेखीचीही तीच तऱ्हा. महसुलाचे विभागीय आयुक्त अमरावतीला, आरोग्य सेवेचे उपसंचालक अकोल्याला. शिवाय विधिमंडळाची पंचायत राज समिती. ‘पीआरसी येतेय’ अशी कुणकुण लागली की जिल्हा परिषदेत रजा रद्द होतात, भिंतींना चुना लागतो, वर्षानुवर्षे पडून असलेले लेखा-आक्षेप रातोरात निकाली निघतात. आमदार दोन-चार आरोग्य केंद्रांना अचानक भेट देतात, औषधांचा साठा रजिस्टरशी ताडून पाहतात. दरारा मोठा, पण ती तपासणी बरीचशी जुन्या लेखापरीक्षण अहवालांवर चालत असल्याने उत्तर द्यायला जो उभा असतो, तो पैसे खर्च झाले तेव्हा बहुधा दुसऱ्याच जिल्ह्यात नोकरीला असतो.

दांडेकरांची फूटपट्टी

विदर्भ महाराष्ट्रात आला तो काही आश्वासने पदरात घेऊन. 1953 च्या नागपूर कराराने लोकसंख्येच्या प्रमाणात निधीचा शब्द दिला होता. राज्यघटनेच्या 371(2) कलमाने विदर्भ आणि मराठवाड्यासाठी विकास मंडळांची वाट खुली ठेवली होती. शब्द पाळला गेला की नाही, हे मोजायला 1983 उजाडले. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि पुढच्याच वर्षी अहवाल आला.

दांडेकरांची पद्धत सरळ होती. सिंचन, रस्ते, शिक्षण, पाणीपुरवठा, आरोग्य अशी क्षेत्रे घ्या. प्रत्येकात राज्याची सरासरी काढा. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याला तिथवर आणायला लागेल तेवढा पैसा म्हणजे त्याचा अनुशेष. बेरीज निघाली 3,186.78 कोटी रुपये. त्यांत विदर्भाचा वाटा 1,246.54 कोटी, म्हणजे 39 टक्क्यांहून किंचित जास्त. प्रादेशिक अन्याय ही तोवर भाषणाची बाब होती. दांडेकरांनी तिला दशांश चिन्हापर्यंत आणून ठेवले. विदर्भाच्या राजकारणाला त्यानंतर ‘अनुशेष’ हाच शब्द पुरला.

आरोग्य या यादीत होते, पण चर्चा सगळी सिंचनाची झाली. पैसा तिथे मोठा आणि कंत्राटेही. खाटा, डॉक्टर, नर्सचे क्वार्टर यांसाठी मोर्चे निघत नाहीत.

त्याहून खोल प्रश्न एककाचा होता. दांडेकरांनी जिल्हा धरला, आणि आकडे ज्या पातळीवर हाती होते ते पाहता दुसरा इलाजही नव्हता. पण अकोला जिल्ह्याच्या सरासरीत अकोला शहराचे मोठे रुग्णालय आणि स्त्रियांचे रुग्णालय धरूनच खाटा मोजल्या जात. बेरजेला जिल्ह्याच्या लोकसंख्येने भागले की वाशीमकडच्या मानोऱ्याच्या डोंगरपट्ट्यातल्या तांड्याच्या वाट्याला कागदावर तेवढ्याच खाटा येत, जेवढ्या अकोल्याच्या ताजनापेठेला. त्या तांड्यापासून ती खाट किती तासांवर आहे, हे भागाकार सांगत नाही.

1994 मध्ये वैधानिक विकास मंडळे झाली, निधीवाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर आली. निर्देशांक व अनुशेष समितीने पुन्हा हिशेब मांडला : 14,006.77 कोटी, त्यात विदर्भ 6,624.02 कोटी. हिशेबाची तारीख 1 एप्रिल 1994. त्या तारखेला वाशीम नावाचा जिल्हा अस्तित्वातच नव्हता. 2001 पासून राज्यपालांचे वार्षिक निदेश निघू लागले ते याच पायावर.

स्वतःचे खाते

1 जुलै 1998 रोजी वाशीम जिल्हा झाला. त्याच दिवशी खानदेशात नंदुरबार. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा असे सहा तालुके. स्वतःची जिल्हा परिषद, स्वतःचे जिल्हा आरोग्य अधिकारी, स्वतःचे शल्यचिकित्सक, आणि मुख्य म्हणजे जिल्हा वार्षिक योजनेत स्वतःची ओळ.

पैसा आला तसा तो खर्चण्याचा दुष्काळही दिसू लागला. सरकारी निधीचे एक ऋतुचक्र असते. अंदाजपत्रक मार्चमध्ये, वितरण तुकड्यातुकड्यांनी, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. तोवर पुन्हा मार्च. जिल्हा परिषदेला निधी खर्चायला दोन वर्षांची मुदत असते, तरी ‘अखर्चित’ हा शब्द तिथल्या सभांत परवलीचा. लेखाधिकारी निधी परत करतात आणि त्याच आठवड्यात एखाद्या केंद्रात सर्पदंशाची लस संपलेली असते. औषधखरेदीत तर नवे वळण आले. 2017 मध्ये राज्याने खरेदी हाफकिन महामंडळाकडे एकवटली. हेतू दरातला गोंधळ आणि गैरव्यवहार थांबवण्याचा. पण पैसे आधी भरायचे आणि औषधाची वाट बघायची, अशी ओरड जिल्ह्याजिल्ह्यांतून झाली. शेवटी 2023 मध्ये स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाचा कायदा करावा लागला. देखरेख घट्ट केली की वेग मरतो, सैल सोडली की पैसा गळतो. या दोहोंच्या मधली जागा कोणत्याच सरकारला फार काळ सापडलेली नाही.

सर्वांत लहान आणि म्हणून सर्वांत पाहण्याजोगा प्रयोग 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचा. प्रत्येक महसुली गावाला वर्षाला 10 हजार रुपये, ‘अबंधित’. गावची समिती ठरवेल त्यावर खर्च. खाते अंगणवाडी सेविका आणि पंचायतीचा प्रतिनिधी यांच्या जोडसहीचे. या पैशात काय येते? वजनकाटा, ब्लीचिंग पावडर, विहिरीभोवतीची गटार, आणि रात्री बाळंतिणीला न्यायला ठरवलेल्या जीपचे भाडे. रक्कम किरकोळ, पण निर्णय गावात. म्हणून भांडणही गावातच. काही ठिकाणी पैसे बाळंतिणीच्या उपयोगी पडले, काही ठिकाणी पंचायतीच्या खुर्च्यांवर गेले. 2007 पासून महाराष्ट्रात लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पाच जिल्ह्यांत शेजारचा अमरावती होता. तिथे जनसुनवाईत डॉक्टरला गावासमोर उत्तर द्यावे लागे. वाशीम त्या यादीत नव्हता. 2012 च्या जुलैत मोफत उपचारांची राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत आली, तेव्हाही वाशीमने थांबायचे होते; पाळी नोव्हेंबर 2013 मध्ये आली.

सामाजिक आधाराची कथा निराळी नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 पासूनची. तालुक्याची समिती, तहसीलदाराची सही, दरवर्षी हयातीचा दाखला. 2023 मध्ये अनुदान महिना 1,500 रुपये झाले. पण पात्रतेची उत्पन्नमर्यादा वर्षाला 21 हजारच राहिली, म्हणजे महिन्याला 1,750. सोयाबीन काढणीच्या हंगामात चार दिवस मजुरीला गेलेली विधवा कागदावर ‘सधन’ होऊ नये, म्हणून तलाठ्यापासून समितीपर्यंत सगळेच उत्पन्नाच्या दाखल्यावर डोळेझाक करतात. नियम इतका अरुंद केला की माणुसकीला नियमाबाहेरूनच वाट काढावी लागते, आणि त्याच वाटेने दलालही आत येतो.

जिल्ह्याच्या आतला जिल्हा

जानेवारी 2018 मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रातून चार नावे : गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद आणि वाशीम. या कार्यक्रमात मोठा वेगळा पैसा नव्हता. होती ती मोजणी. 49 निर्देशांक, दरमहा क्रमवारी, आणि गुणांत आरोग्य-पोषणाला 30 टक्के वजन. पहिल्या तिमाहीत किती गरोदर बायकांची नोंद झाली, किती बाळे कमी वजनाची जन्मली, हे आकडे कलेक्टरच्या टेबलावर आणि दिल्लीच्या पडद्यावर एकाच वेळी. एकेकाळी सरासरीखाली झाकला गेलेला मुलूख आता देशातल्या सर्वांत जास्त मोजल्या जाणाऱ्या जिल्ह्यांत गणला जाऊ लागला. आणि 9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या उद्घाटनात वाशीमचे नाव होते. अकोल्याला ते 2002 मध्ये मिळाले होते.

जिल्हा नसता तर यातले किती झाले असते? फारच थोडे. स्वतंत्र खात्याचा युक्तिवाद 1998 नंतरच्या पंचवीस वर्षांनी सिद्ध केला आहे. पण तोच युक्तिवाद आता वाशीमवरही उलटतो. अकोल्याच्या सरासरीत जसे वाशीम झाकले गेले, तसा वाशीमच्या सरासरीत मानोरा झाकला जाऊ शकतो. महाविद्यालय जिल्ह्याच्या गावी, मोठे रुग्णालय जिल्ह्याच्या गावी, तज्ज्ञ डॉक्टरांचे खासगी दवाखानेही तिथेच. क्रमवारीत जिल्हा वर चढला, याचा अर्थ सहाही तालुके चढले असा होत नाही. सोपी गावे आधी सुधारली तरी आकडा तेवढाच हलतो.

तालुका हे एकक धरण्याची चर्चा प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या 2011 ते 2013 च्या केळकर समितीच्या काळात झाली होती, तेव्हा विदर्भातूनच विरोधाचे सूर निघाले. तालुका धरला तर पश्चिम महाराष्ट्रातले दुष्काळी तालुके विदर्भाच्या वाट्यावर हक्क सांगतील, ही भीती राजकीय हिशेबाने खोटी नव्हती. विकास मंडळांची मुदत 2020 च्या एप्रिलमध्ये संपली आणि वादच मिटला, म्हणजे विसरला गेला. केंद्राने मात्र 2023 मध्ये जिल्ह्याखाली उतरून 500 आकांक्षित गट निवडले.

वाशीमच्या जिल्हा नियोजन समितीला यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. सहा तालुक्यांच्या खाटा, भरलेली डॉक्टरांची पदे, आला आणि परत गेलेला निधी यांचा तक्ता तालुकावार छापून सभेपुढे ठेवायला कायदा बदलावा लागत नाही. आकडे दोन्ही धन्यांच्या कचेऱ्यांत पडून आहेत. 93 वर्षे अकोल्याकडून आपला हिशेब वेगळा मागणाऱ्या जिल्ह्याने तो मानोऱ्याला आणि रिसोडला मागायला लावू नये.